घराचं डिपॉझिट सॉलिसिटरच्या खात्यात पाठवताना काय काळजी घ्यायची? (यूके)

मिल्टनकीन्सकर

नमस्कार मंडळी,

मिल्टन कीन्सला आमचं पहिलं घर घेतोय. मॉर्गेज मंजूर झालंय, सर्व्हे आणि सर्चेस निर्विघ्न पार पडले. घराची किंमत ४ लाख २० हजार पौंड. आता सॉलिसिटरकडून (घराचं कायदेशीर काम बघणारे वकील) निरोप आलाय की एक्सचेंजसाठी (खरेदीचा करार पक्का करायला) दहा टक्के, म्हणजे ४२ हजार, त्यांच्या क्लायंट अकाउंटमध्ये (ग्राहकांचे पैसे ठेवायचं वेगळं खातं) भरा. यात आमची इथली बचत आहे, बायकोच्या लाइफटाइम आयसामधले (सरकारी बोनस मिळणारं, पहिल्या घरासाठीचं बचत खातं) पैसे आहेत आणि काही पुण्याहून आई-बाबांनी दिलेले आहेत.

खात्याचा तपशील ईमेलला जोडलेल्या पीडीएफमध्ये आला. तो बघत होतो तेवढ्यात ऑफिसमधल्या एकीनं सांगितलं, की असे ईमेल मधल्यामध्ये गाठून चोर खाते क्रमांक बदलतात आणि पैसे भलत्याच्याच घशात जातात. तेव्हापासून पीडीएफ उघडतोय आणि बंद करतोय. एवढी रक्कम आयुष्यात कधी एका झटक्यात कुणाला पाठवलेली नाही.

चॅप्स (मोठ्या रकमांसाठीचं, त्याच दिवशी पोचणारं बँक ट्रान्सफर) करावं की ॲपवरून साधं ट्रान्सफर? एकरकमी की तुकडे करून? बँकेच्या शाखेत जाऊन केलं तर जास्त सुरक्षित असतं का? आणि समजा चूक झालीच, तर पैसे परत मिळतात का? अनुभवी लोकांनी कृपया सांगावं.

लेस्टरची_मुक्ता

आधी अभिनंदन! थोडक्यात सांगते: पैसे पाठवण्यापूर्वी फोन करून खाते क्रमांक पडताळून घ्या. फोन नंबर मात्र त्या ईमेलमधला किंवा पीडीएफमधला घेऊ नका. ईमेल चोराचा असेल तर खालचा फोन नंबरही त्याचाच असणार.

फाइलवाली

मी बर्मिंगहॅमला एका कन्व्हेयन्सिंग फर्ममध्ये, म्हणजे घरखरेदी-विक्रीची कायदेशीर कामं करणाऱ्या फर्ममध्ये, काम करते. सॉलिसिटर नाही, पण घरांच्या फायली दिवसभर माझ्याच हाताखालून जातात, म्हणून सविस्तर लिहिते.

चोरी कशी होते ते कळलं की निम्मं काम होतं. कुणाच्या तरी मेलबॉक्सचा पासवर्ड चोराच्या हाती लागलेला असतो. कधी फर्मचा, कधी इस्टेट एजंटचा, बरेचदा खुद्द घर घेणाऱ्याचाच. चोर लगेच काही करत नाही. गुपचूप सगळा पत्रव्यवहार वाचत बसतो. घराचा पत्ता, किंमत, एक्सचेंजची तारीख, तुमची फाइल कोण बघतंय, ती व्यक्ती ईमेलच्या शेवटी काय लिहिते, हे सगळं त्याला पाठ होतं. मग ऐन वेळी एक ईमेल येतो: 'आमच्या नेहमीच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, कृपया खालील खात्यात भरा.' भाषा तीच, सही तीच, वरचा जुना पत्रव्यवहारही तोच. पत्त्यात फक्त इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी बसवलेले. मोबाईलच्या स्क्रीनवर हा फरक चष्मा लावूनही दिसत नाही. आणि मेलबॉक्सच ताब्यात असेल तर पत्ताही अगदी खरा असतो.

असे ईमेल शुक्रवारी दुपारी जास्त येतात, कारण बहुतेक लोक कम्प्लिशन (उरलेले पैसे देऊन घराचा ताबा घेणं) शुक्रवारी ठेवतात आणि पुढे शनिवार-रविवार असतो. सोमवारी आम्ही 'पैसे आले नाहीत' म्हणून फोन करेपर्यंत ते पैसे चार खाती फिरून गायब झालेले असतात.

म्हणून चॅप्स की साधं ट्रान्सफर हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न हा, की खाते क्रमांक तुम्हाला कुणाच्या तोंडून कळला.

आमच्या क्लायंटना मी सांगते ते असं. सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटी म्हणजे एसआरएच्या वेबसाइटवर नोंदणीकृत फर्मची यादी आहे. तिथे फर्मचं नाव स्वतः टाइप करून शोधा आणि तिथला फोन नंबर घ्या. तुमचा माणूस सॉलिसिटर नसून लायसन्स्ड कन्व्हेयन्सर असेल, तर हीच सोय काउन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्सच्या साइटवर आहे. फोन लावा, तुमची फाइल बघणाऱ्या व्यक्तीला किंवा अकाउंट्स विभागाला मागा, आणि सॉर्ट कोड (बँक-शाखेचा क्रमांक) व खाते क्रमांक त्यांना वाचून दाखवायला सांगा. तुम्ही समोर कागद घेऊन एकेक आकडा ताडून बघा. पुष्कळ लोक उलटं करतात, स्वतः वाचून दाखवतात आणि पलीकडून कुणीतरी घाईत 'येस, येस' म्हणतं. त्याला पडताळणी म्हणत नाहीत.

अगदी सुरुवातीला सही करायला आलेलं क्लायंट केअर लेटर काढून बघा. बहुतेक फर्म त्यात ठळक अक्षरांत लिहितात, की आमचं खातं मधेच बदलणार नाही आणि बदलल्याचं ईमेलने कधीही कळवणार नाही. फर्म जवळ असेल तर सरळ ऑफिसात जा आणि कागदावर लिहून घ्या. कुणी कंटाळत नाही, उलट बरं वाटतं.

आणि हो, त्यांच्याकडून *तुम्हाला* फोन आला तर स्क्रीनवर दिसणाऱ्या नंबरवर विसंबू नका. दुसऱ्याचा नंबर दाखवून फोन करता येतो. 'मी परत करते' म्हणून ठेवा आणि स्वतः नंबर फिरवा.

बोरिवली_ते_बार्किंग

फाइलवाली ताई, माहिती उत्तमच आहे, पण एवढं घाबरवायची गरज आहे का? आता नवा नियम आलाय ना, फसवणूक झाली तर बँकेनं पैसे परत द्यायचेच. मी तर ॲपवरून पाठवून मोकळा झालो होतो.

हॅरोचे_काका

नियम आहे, पण तो पूर्ण वाचायला हवा. मी एका बँकेच्या तक्रार विभागात पुष्कळ वर्षं काढली, आता निवृत्त आहे.

७ ऑक्टोबर २०२४ पासून, ग्राहकाला फसवून त्याच्याच हातून पैसे पाठवायला लावले असतील तर बँकेला भरपाई द्यावी लागते. पाठवणारी आणि घेणारी अशा दोन्ही बँका निम्मा-निम्मा भार उचलतात. फास्टर पेमेंट्स (ॲपवरून होतं ते नेहमीचं ट्रान्सफर) आणि चॅप्स दोन्हींना हे लागू आहे. साधारणपणे पाच कामकाजाच्या दिवसांत निकाल लागायला हवा, पण चौकशी हवी असेल तर बँक घड्याळ थांबवू शकते. तक्रार शेवटच्या पेमेंटपासून १३ महिन्यांच्या आत करायची. १०० पौंडांपर्यंत रक्कम बँक कापून घेऊ शकते.

आता मर्यादा. एका दाव्याला कमाल ८५ हजार पौंड. धागाकर्त्याचे ४२ हजार त्यात बसतात. पण लंडनमध्ये २५ टक्के डिपॉझिट ठेवून घर घेणारे किंवा जुनं घर विकून आलेले दीड-दोन लाख कम्प्लिशनला पाठवतात, त्यांचं उरलेलं उघड्यावरच असतं. रक्कम तुकड्यांत पाठवली म्हणून संरक्षण वाढत नाही. एकाच फसवणुकीतले सगळे हप्ते मिळून एकच दावा धरतात.

दुसरं, बँकेनं तुम्हाला नेमकी सूचना दिली असेल, की हे खातं ह्या नावाचं नाही, आणि तरीही तुम्ही बटण दाबलं असेल, तर 'अक्षम्य निष्काळजीपणा' म्हणून दावा फेटाळला जाऊ शकतो. कसोटी कडक आहे, बँकेला ते सिद्ध करावं लागतं आणि असहाय परिस्थितीतल्या ग्राहकांना त्यातून सूट आहे. पण वाद सुरू झाला की महिने जातात.

आणि तिसरं, यूकेबाहेरून आलेल्या किंवा बाहेर जाणाऱ्या पैशांना हे काहीच लागू नाही. भारतातून थेट सॉलिसिटरच्या खात्यात पैसे पाठवायचा विचार कुणी करत असेल तर तो सोडून द्या.

शिवाय पैसे परत मिळाले तरी घर मिळतंच असं नाही. एक्सचेंज झालेलं असेल आणि कम्प्लिशनच्या दिवशी पैसे पोचले नाहीत, तर करार मोडल्याचा ठपका तुमच्यावर येतो. रोजचं व्याज लागतं, नोटीस देऊनही पैसे आले नाहीत तर दहा टक्के डिपॉझिट जप्त होऊ शकतं. तुमच्या मागे विकणारा, त्याच्या मागे आणखी एक, अशी साखळी ट्रक भरून उभी असते.

मिल्टनकीन्सकर

काका, फाइलवाली ताई, मनापासून आभार. हे कुणीच असं उलगडून सांगितलं नव्हतं. उद्या सकाळी एसआरएच्या यादीतला नंबर घेऊन फोन करतो. मग पुढचा प्रश्न: चॅप्स की फास्टर पेमेंट?

लेस्टरची_मुक्ता

आम्ही चॅप्स केलं. शाखेत गेलो, फॉर्म भरला, फी दिली, दुपारपर्यंत पैसे पोचले. समोर माणूस असला की मला बरं वाटतं.

क्रॉयडनचा_कोल्हापूरकर

शाखा शिल्लक आहे कुठे मुक्ताताई! आमच्या हाय स्ट्रीटवरची शेवटचीही बंद झाली. ॲपवरूनच पाठवले. माझ्या बँकेची दिवसाची मर्यादा २५ हजार होती, म्हणून दोन दिवसांत पाठवले. सॉलिसिटरला आधीच सांगून ठेवलं होतं.

हॅरोचे_काका

दोन्ही मार्ग चालतात. फास्टर पेमेंट्सची व्यवस्था एका वेळी १० लाख पौंडांपर्यंत घेते, पण प्रत्येक बँक आपली मर्यादा त्याखाली कुठेतरी ठेवते आणि ॲप, वेबसाइट, फोन, शाखा अशा प्रत्येक ठिकाणी ती वेगळी असते. तुमच्या बँकेची आधी बघून घ्या. चॅप्सला वरची मर्यादा नाही, ते फक्त कामकाजाच्या दिवशी चालतं, आणि बँकेनं ठरवलेल्या वेळेच्या आत (बहुधा दुपारी) सांगितलं तर त्याच दिवशी पोचतं. फी बहुतेक ठिकाणी २० ते ३५ पौंडांच्या घरात. डिपॉझिटसाठी फास्टर पेमेंट पुरतं, कम्प्लिशनच्या मोठ्या रकमेला चॅप्स सोयीचं.

पण चॅप्स म्हणजे जास्त सुरक्षित हा गैरसमज काढून टाका. चुकीच्या खात्यात चॅप्स केलं तर ते तितक्याच तत्परतेनं चुकीच्या खात्यात जातं. शाखेत फॉर्म भरून करत असाल तर काउंटरवर स्पष्ट विचारा, 'नाव ताडून बघितलंत का?'

वेळेबद्दल एक महत्त्वाचं. ३० ऑक्टोबर २०२४ पासून, फसवणुकीचा रास्त संशय आला तर बँकेला पेमेंट चौथ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत रोखून धरता येतं. पहिल्यांदाच वापरत असलेलं खातं आणि एवढी मोठी रक्कम, म्हणजे तुम्हाला फोन येण्याची शक्यता भरपूर. म्हणून एक्सचेंजच्या आदल्या संध्याकाळी पैसे पाठवायला बसू नका. हाताशी आठवडा ठेवा. अडकलं तरी चिडायचं कारण नाही, ते थांबवणं तुमच्याच भल्याचं असतं.

डर्बीतली_गृहिणी

एक पौंड आधी पाठवून बघावा असं सगळे म्हणतात. ते बरोबर आहे का?

क्रॉयडनचा_कोल्हापूरकर

शंभर टक्के. एक पौंड पाठवा, पोचला का विचारा, मग बाकीचे.

फाइलवाली

चांगली सवय आहे, पण त्यात एक भोक आहे. एक पौंड चोराच्या खात्यातही सुखरूप पोचतो. आणि 'पोचला का?' हे तुम्ही ईमेलवर विचारलंत, तर 'हो, मिळाला' असं उत्तरही चोरच देईल. म्हणून एक पौंड पाठवला तर आधी सांगितलेल्या नंबरवर फोन करूनच विचारायचं, आणि तेही किती आणि कोणत्या संदर्भ क्रमांकाने आला ते त्यांना सांगू द्यायचं. खरं तर १ ऐवजी ३ पौंड ४७ पेन्स असं काहीतरी पाठवा आणि 'किती आले?' एवढंच विचारा.

काही फर्मना हे आवडत नाही, कारण क्लायंट अकाउंटमध्ये आलेल्या प्रत्येक पेन्सचा हिशोब लावावा लागतो. आधी विचारून घ्या. फोनवर आकडे नीट ताडले असतील तर एक पौंडाशिवायही अडत नाही.

संदर्भाच्या रकान्यात फर्मनं दिलेला फाइल क्रमांक टाकायला विसरू नका. एका क्लायंट अकाउंटमध्ये शेकडो लोकांचे पैसे असतात. 'हाउस डिपॉझिट' एवढंच लिहून पाठवलेले पैसे कुणाचे, हे शोधण्यात अकाउंट्सची अख्खी सकाळ जाते.

मिल्टनकीन्सकर

फोन झाला. फाइल बघणाऱ्या बाईंनी न कुरकुरता सगळे आकडे वाचून दाखवले, पीडीएफशी जुळले. पण ॲपमध्ये नवीन पेयी (पैसे घेणारा) म्हणून भरायला गेलो तर पिवळा चौकोन आला: 'खात्याचं नाव तुम्ही दिलेल्या नावाशी जुळत नाही.' तिथेच थांबलोय. आकडे तर बरोबर आहेत, मग हे काय?

हॅरोचे_काका

थांबलात ते उत्तम केलंत. याला कन्फर्मेशन ऑफ पेयी म्हणतात. मोठ्या बँकांनी २०२० साली सुरू केलं, आता जवळजवळ सगळीकडे आहे. उत्तरं चार प्रकारची येतात: जुळलं, जवळपास जुळलं, जुळलं नाही, तपासता आलं नाही.

खाते प्रकार काय निवडला होता? नवीन पेयी भरताना 'वैयक्तिक' आणि 'व्यवसाय' असे दोन पर्याय असतात. लोक सवयीनं वैयक्तिक निवडतात. सॉलिसिटरचं खातं व्यवसायाचं असतं.

फाइलवाली

दुसरं कारण नाव. पाटीवर जे नाव असतं ते आणि बँकेतलं खातं ज्या नावानं असतं ते, यात फरक असतो. पुढे एलएलपी किंवा लिमिटेड असतं, कधी 'क्लायंट अकाउंट' जोडलेलं असतं, दोन फर्म एकत्र झाल्या असतील तर जुनंच नाव चालू असतं. पुन्हा फोन करा आणि विचारा, 'बँकेत खातं नेमक्या कोणत्या नावानं आहे?' अक्षरशः लिहून घ्या. तसंच भरा.

मात्र कुणी फोनवर असं म्हणालं, की 'ते लाल-पिवळं येतच असतं, दुर्लक्ष करा आणि पुढे जा', तर पुढे जाऊ नका. खरी फर्म असं सांगत नाही. चोर मात्र हमखास सांगतो.

मिल्टनकीन्सकर

दोन्ही कारणं होती! वैयक्तिक निवडलं होतं आणि नावापुढचं एलएलपी राहिलं होतं. आता हिरवं 'जुळलं' आलं.

पुणे३०

माझा प्रश्न थोडा वेगळा, पण याच धाग्यात विचारतो. सासरे कोथरूडचा फ्लॅट विकून आम्हाला पैसे देतायत. ते कसे आणायचे? सॉलिसिटर म्हणतात 'सोर्स ऑफ फंड्स' दाखवा.

लीड्सची_सून

आम्ही याच दिव्यातून गेलो, म्हणून लिहिते. आधी इथली बाजू. मनी लाँडरिंग रेग्युलेशन्स २०१७ मुळे पैसा कुठून आला हे सॉलिसिटरला बघावंच लागतं. त्यांनी आमच्याकडून सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट्स घेतली, आई-बाबांचे पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा म्हणून लाइट बिल घेतलं. शिवाय भेटपत्र: हे पैसे भेट आहेत, परत करायचे नाहीत, घरात आमचा हक्क राहणार नाही, असं आई-बाबांच्या सहीनं. मॉर्गेज देणाऱ्या बँकेलाही ते लागतं.

फ्लॅट विकल्याचा पुरावा म्हणून विक्रीचा नोंदणीकृत दस्त आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा त्या दस्ताचा उतारा) दिलं. इंडेक्स टू मराठीत असतं. फाइल बघणाऱ्या मुलीनं फोन करून विचारलं, हा कागद नेमका कसला? मग इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून द्यावं लागलं. त्यात वेळ गेला, म्हणून हे सगळ्यात आधी करून ठेवा.

भारताची बाजू: आई-बाबा तिथले रहिवासी असतील तर लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीमखाली प्रत्येकी एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. मुलांना दिलेली भेट त्यात बसते. मर्यादा माणशी असते, त्यामुळे दोघांच्या पॅनवर वेगवेगळं पाठवता येतं, पण पैसाही ज्याचा त्याच्या खात्यातला हवा. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांच्या वरच्या भागावर बँक २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर) कापते. तो खर्च नाही, आयकर विवरणपत्र भरताना जमेला धरला जातो किंवा परत मिळतो. पण तोपर्यंत पैसा अडकतो, आणि डिपॉझिटचा हिशोब करताना ही रक्कम बाजूला काढायला लोक विसरतात.

पैसे तुमच्या स्वतःच्या इथल्या खात्यात आणा. तिथून सॉलिसिटरला द्या. सॉलिसिटरना परदेशातून तिसऱ्याच माणसाच्या नावानं आलेला पैसा नको असतो, परतही पाठवतात.

हॅरोचे_काका

उत्तम लिहिलंस. त्यात एकच भर. विकलेला फ्लॅट एनआरआय मुलाच्याच नावावर असेल तर मार्ग बदलतो. मग पैसा एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयाचं भारतातलं रुपयांचं खातं) येतो आणि तिथून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतो. कर भरल्याचं सीएचं प्रमाणपत्र लागतं. तिथला सीए आधी गाठा.

डर्बीतली_गृहिणी

धागाकर्ते, लाइफटाइम आयसाचे पैसे तुम्ही स्वतः काढू नका हं! सॉलिसिटरमार्फतच मागवायचे असतात, आयसावाले थेट त्यांच्या खात्यात भरतात. आपण काढले की २५ टक्के दंड. म्हणजे सरकारनं दिलेला बोनस तर जातोच, वर आपलेही थोडे जातात.

फाइलवाली

अगदी बरोबर. घर ४ लाख ५० हजारांपर्यंतचं हवं, ते बसतंय. आयसावाल्यांना कागद पोचून पैसे यायला वेळ लागतो, तेव्हा फर्मला आजच आठवण करा. पैसे आल्यापासून ९० दिवसांत कम्प्लिशन व्हायला हवं, नाहीतर मुदतवाढ मागावी लागते.

आणि एक नाजूक गोष्ट, आपल्या लोकांच्या बाबतीत नेहमी निघते. लाइफटाइम आयसाच्या नियमात 'पहिलं घर' म्हणजे जगात कुठेही पहिलं. पुण्यात नावावर फ्लॅट असेल, किंवा वडिलांच्या पश्चात गावच्या घराच्या उताऱ्यावर वारस म्हणून नाव लागलं असेल, तर आधी सॉलिसिटरना सांगा. स्टँप ड्यूटीच्या सवलतीलाही हेच लागू आहे. लपवून ठेवू नका, नंतर फार महागात पडतं.

नॉटिंगहॅम_नाशिक

मी सहसा लिहीत नाही, पण हा विषय घरात घडलाय. माझ्या चुलतभावाचे गेल्या वर्षी कम्प्लिशनचे पैसे असेच गेले. ईमेल त्याच्याच मेलबॉक्समधून वाचले जात होते. कसं कळलं तर, सॉलिसिटरचा फोन आला, 'पैसे अजून आले नाहीत.' त्यानं त्या क्षणी बँकेला फोन लावला. बँकेनं पलीकडच्या बँकेला कळवून जे शिल्लक होतं ते गोठवलं. काही पैसे तसे वाचले, बाकीच्यासाठी दावा केला आणि भरपाई मिळाली, पण मधला काळ घरातल्या कुणालाच जेवण गोड लागलं नाही. वहिनीला तेव्हा सातवा महिना होता.

असं कुणाच्या बाबतीत झालंच, तर लाजू नका आणि विचार करत बसू नका. पहिला फोन बँकेला. नंबर सापडत नसेल तर १५९ फिरवा, बहुतेक मोठ्या बँकांशी तो थेट जोडून देतो. मग सॉलिसिटरला, मग पोलिसांच्या राष्ट्रीय फसवणूक तक्रार सेवेला, ०३०० १२३ २०४०. स्कॉटलंडमध्ये असाल तर १०१. मिनिटं मोलाची असतात.

बोरिवली_ते_बार्किंग

वाचून अंगावर काटा आला. वर मी जे म्हटलं ते मागे घेतो. आता एक खरा प्रश्न. पैसे बरोबर सॉलिसिटरकडेच गेले, पण सॉलिसिटरच बुडाला किंवा पळाला तर?

हॅरोचे_काका

दुर्मीळ, पण घडलेलं आहे. अ‍ॅक्झिअम इन्स नावाची मोठी फर्म एसआरएनं ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद केली, क्लायंट अकाउंटमधले ६ कोटी पौंडांहून जास्त गायब होते. अशा वेळी एसआरएचा भरपाई निधी असतो आणि घर घेणारे सामान्य लोक त्यात दावा करू शकतात. म्हणूनच समोरची फर्म खरोखर नोंदणीकृत आहे हे पहिल्याच दिवशी बघायचं.

बँक बुडाली तर काय, हाही प्रश्न लोक विचारतात. क्लायंट अकाउंटमधला पैसा कायद्यानं तुमचाच असतो, त्यामुळे ठेव-संरक्षण तुमच्या नावानं लागू होतं. १ डिसेंबर २०२५ पासून ते १ लाख २० हजार पौंड आहे. घराच्या व्यवहाराचा पैसा असेल तर सहा महिन्यांपर्यंत १४ लाखांपर्यंत.

एडिनबराची_शाळामास्तर

स्कॉटलंडमधल्या मंडळींसाठी: इथे एक्सचेंज आणि दहा टक्के असा प्रकार सहसा नसतो. दोन्हीकडच्या सॉलिसिटरांची पत्रं होतात, मिसिव्ह्ज म्हणतात, आणि तुमचा सगळा हिस्सा डेट ऑफ एंट्रीच्या (घराचा ताबा मिळण्याच्या दिवसाच्या) आधी एकदमच सॉलिसिटरकडे जातो. म्हणजे एका वेळी जाणारी रक्कम जास्त मोठी. फर्म लॉ सोसायटी ऑफ स्कॉटलंडच्या यादीत शोधायची. बाकी खाते क्रमांक पडताळण्याबद्दल वर सांगितलेलं सगळं जसंच्या तसं लागू.

मिल्टनकीन्सकर

आमचे पैसे पोचले. बँकेनं अपेक्षेप्रमाणे रोखले, फोन करून बरेच प्रश्न विचारले, मी सगळी खरी उत्तरं दिली आणि दुसऱ्या दिवशी सोडले. सॉलिसिटरनं फोनवर रक्कम सांगितली. आयसाचे थेट त्यांच्याकडे आलेत. सगळ्यांचे आभार, विशेषतः फाइलवाली ताई आणि काका.

फाइलवाली

छान! कम्प्लिशनची रक्कम पाठवताना पुन्हा फोन करायचा बरं का, 'मागच्या वेळी केला होता' म्हणून सोडायचा नाही. ॲपमध्ये सेव्ह झालेल्या त्याच पेयीला पाठवा. मधे 'खातं बदललं' असा निरोप आला तर तो खोटाच समजा आणि आम्हाला कळवा.

आणि आजच आपल्या ईमेलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन बघा. फॉरवर्डिंग आणि फिल्टर असे दोन विभाग असतात. अनोळखी पत्त्यावर मेल जातोय का, 'सॉलिसिटर' किंवा 'पेमेंट' शब्द असलेला मेल परस्पर कचऱ्यात टाकायचा नियम कुणी लावलाय का, ते तपासा. असं काही सापडलं तर नियम काढून टाका, पासवर्ड बदला, टू-स्टेप लॉगिन चालू करा. नवरा-बायको दोघांच्याही मेलमध्ये बघा.

क्रॉयडनचा_कोल्हापूरकर

ताई, आम्ही आता हे घर विकून मोठं घेतोय. विकणाऱ्याला यात काही धोका असतो का?

फाइलवाली

असतो, आणि तिकडे लोकांचं लक्षच नसतं. विक्रीचे पैसे आम्ही *तुमच्या* खात्यात पाठवतो. चोर तुमच्या मेलबॉक्समधून आम्हाला लिहितो: 'माझं खातं बदललंय, पैसे इथे पाठवा.' म्हणून तुमचा खाते क्रमांक सुरुवातीलाच समोरासमोर किंवा फर्मच्या सुरक्षित पोर्टलवरून द्या. सोबत खात्याचं स्टेटमेंट द्या, आणि लेखी सांगून ठेवा, की माझ्याशी फोनवर बोलल्याशिवाय यात काहीही बदलू नका. बदलाचा मेल आला तर आमची फर्म फोन करतेच. तुमची करते का, ते पहिल्याच भेटीत विचारा.